बेवड आणि जिवाणू : वडीगोद्रीच्या काळ्या जमिनीचा इतिहास

सोलापूर-धुळे महामार्ग शहागडपाशी गोदावरी ओलांडून उत्तरेकडे निघाला की थोड्याच अंतरावर अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव लागते आणि येथूनच अंबडमार्गे जालन्याला जाणारा रस्ता फुटतो. गावाची ओळख आज या तिठ्यामुळे होत असली, तरी त्याची पोटापाण्याची भिस्त शतकानुशतके भोवतालच्या काळ्या जमिनीवर राहिली आहे. ही जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली असून गोदाकाठी ती खोल, चिकण आणि भारी आहे, तर नदीपासून दूर चढाकडे जाताना मध्यम आणि पुढे मुरमाड होत जाते. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडणारी ही माती ओल धरून ठेवण्यात उत्तम, परंतु तिच्यात चुनखडीचे प्रमाण मोठे असल्यामुळे तिचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो. सामू म्हणजे आम्ल-विम्लतेचे मोजमाप, आणि सातच्या वरचा सामू विम्लता दाखवतो. अशा मातीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो, लोह अविद्राव्य रूपात अडकून पडते, आणि दोन्ही मूलद्रव्ये मातीत असूनही पिकाच्या तोंडी लागत नाहीत. वर्षाला सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस, कडक उन्हाळा आणि सेंद्रिय पदार्थांची कमतरता हे या जमिनीचे आणखी तीन धर्म होत.

एवढ्या अडचणी असलेल्या जमिनीने कोणतेही विकतचे खत नसताना पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी, बाजरी, कापूस, तूर, हरभरा आणि करडई पिकवली, याचे उत्तर मुळांभोवतालच्या काही मिलिमीटर जाडीच्या मातीत सापडते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर याने १९०४ मध्ये मातीच्या या थराला ‘रायझोस्फिअर’ असे नाव दिले. मराठीत त्याला मूळपरिसर म्हणता येईल. वनस्पती आपल्या पानांत तयार केलेल्या अन्नाचा काही भाग शर्करा, आम्ले आणि अमिनो आम्ले यांच्या रूपाने मुळांवाटे मातीत सोडते आणि त्यावर जगणारे जिवाणू मूळपरिसरात उर्वरित मातीपेक्षा कितीतरी अधिक दाटीने राहतात. त्यांपैकी काही हवेतील नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात, काही स्फुरद मोकळा करतात, काही मुळांची वाढ करणारी संप्रेरके बनवतात आणि काही रोगकारक बुरशीला मुळापर्यंत पोहोचू देत नाहीत. या जिवाणूंचा वडीगोद्री परिसरातील इतिहास लिहायचा तर तो प्रयोगशाळेपासून सुरू करून चालणार नाही. तो बेवडापासून सुरू करावा लागतो.

आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेली स्थिती म्हणजे बेवड. शेतात पुढे काय पेरायचे हे ठरवताना मराठवाड्यातील शेतकरी पूर्वी प्रथम बेवडाचा विचार करीत असे. मूग, उडीद, भुईमूग आणि हरभरा यांचा बेवड चांगला मानला जाई. ज्वारीचा बेवड मात्र पुढच्या पिकाला जड जातो, म्हणून तिची धसकटे वेचून काढली जात. या समजुतीला आज शास्त्रीय आधार देता येतो. ज्वारीच्या मुळांत आणि धसकटांत कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प असतो, त्यामुळे ती कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतील उपलब्ध नत्र उचलतात आणि पुढचे पीक काही काळ उपाशी राहते. द्विदल पिकांच्या अवशेषांत नत्राचे प्रमाण अधिक असल्यामुळे तेथे उलट घडते: कुजण्याच्या क्रियेतून नत्र मोकळा होतो. बेवडाचे ज्ञान हे अशा प्रकारे जिवाणूंच्या वर्तनाचेच ज्ञान होते, फक्त ते पिकाच्या दिसणाऱ्या परिणामांवरून मिळवलेले होते.

या व्यवस्थेत तुरीचे स्थान सर्वांत मोठे होते. ज्वारी, बाजरी किंवा कापसाच्या ठरावीक तासांनंतर तुरीचे एक तास पेरण्याची पद्धत मराठवाडाभर होती आणि तिचे कारण सामान्यतः वरणाची सोय किंवा पाऊस दगा देईल तर एक तरी पीक हाती लागावे, असे सांगितले जाते. ही कारणे बरोबरच आहेत. परंतु जमिनीच्या दृष्टीने तुरीचे काम त्याहून मोठे आहे. तिचे सोटमूळ खोल जाते, सात-आठ महिने ती शेतात उभी राहते, मुळांवरच्या गाठींतील जिवाणू तिला नत्र पुरवतात आणि तिचा पाला गळून जमिनीवर पडतो. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत हा पालापाचोळा वरच्या मातीसह भेगांत उतरतो व पहिल्या पावसाने जमीन फुगली की आतच गाडला जातो. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने तुरीवर पुढे जे काम केले, त्यात सलग तुरीनंतर घेतलेल्या मक्याला मिळणारा लाभ हेक्टरी साधारण ४० किलो नत्राच्या आसपास असल्याचे दिसून आले. आंतरपिकातील तुरीचा वाटा अर्थातच त्याहून कमी असणार. पण ज्या काळात खताची गोणी गावात येतच नव्हती त्या काळात तो वाटा निर्णायक होता.

तुरीच्या जोडीला शेणखत होते आणि काढणीनंतर शेतात मेंढ्या बसवण्याची रीत होती. धनगरांचे कळप काही रात्री रानात बसत, मालक त्यांना त्याबद्दल धान्य देई आणि लेंड्या-मूत्राने जमिनीला नत्राबरोबरच जिवाणूंचे अन्न मिळे. जमिनीची सुपीकता कुजण्यातून येते, हा विचार मराठीत छापील स्वरूपातही जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरील पाने, गवत आणि मेलेल्या जीवजंतूंचे कुजलेले सत्त्व पावसाबरोबर वाहून शेतांत येते आणि जमिनीला खत मिळते, हे सांगून जंगलखात्याच्या धोरणाने व धुपीने शेतकऱ्याचे होणारे नुकसान दाखवले होते. हे लिहिले गेले त्या वेळी मुळांवरच्या गाठींचे कार्य जगात कोणीही सिद्ध केलेले नव्हते, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे.

ते सिद्ध झाले त्यानंतर तीन-पाच वर्षांतच. हेर्मान हेलरीगेल आणि हेर्मान विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवून दिले की द्विदल वनस्पती मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने हवेतील नत्र वापरतात. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक याने हे जिवाणू वेगळे काढून वाढवले आणि १९०१ मध्ये गाठीविना, मातीत स्वतंत्रपणे राहून नत्र स्थिर करणाऱ्या ॲझोटोबॅक्टरचे वर्णन केले. नत्र स्थिर करणे म्हणजे हवेतील निष्क्रिय नत्रवायूचे अमोनियात रूपांतर करणे. कारखान्यात यासाठी सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो, तर जिवाणू तेच काम मातीच्या नेहमीच्या तापमानात नायट्रोजिनेज या विकराच्या मदतीने करतात. या विकराला प्राणवायू सोसत नाही. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन हे रक्तातील हिमोग्लोबिनासारखे द्रव्य तयार होते, जे प्राणवायूचा पुरवठा मोजकाच ठेवते. तुरीची किंवा हरभऱ्याची गाठ नखाने फोडून आत गुलाबी रंग दिसला तर ती काम करते आहे, असे ओळखण्याची शेतातली खूण याच द्रव्यामुळे मिळते. आतून पांढरट वा हिरवट दिसणारी गाठ निरुपयोगी असते.

या शोधाचा व्यापार व्हायला फार काळ लागला नाही. फ्रीड्रिख नोब्बे आणि वर उल्लेखिलेला हिल्टनर यांनी १८९६ मध्ये गाठींच्या जिवाणूंच्या संवर्धनाचे एकस्व घेतले आणि ते ‘नायट्राजिन’ या नावाने विकायला आणले. बाटलीतला जिवाणू बियाण्याला चोळून पेरण्याची कल्पना त्यामुळे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. भारतात द्विदलांच्या गाठींतील जिवाणूंवरचा पहिला नोंदलेला अभ्यास एन. व्ही. जोशी यांचा असून तो १९२० मध्ये, बिहारमधील पुसा येथील संशोधनसंस्थेतून प्रसिद्ध झाला.

त्याच पुसा येथे तुरीच्या मर रोगाचीही ओळख पटली होती. मर रोगात फुलोऱ्याच्या सुमारास हिरवेगार झाड कोमेजते आणि खोड उभे चिरले तर आत काळपट रेघा दिसतात. एडविन जॉन बटलर या कवकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या रोगाची नोंद केली आणि १९१० मध्ये त्याच्या कारक बुरशीला ‘फ्युजेरियम उडम’ असे नाव दिले. ही बुरशी जमिनीत राहते आणि रोगट झाडांच्या अवशेषांवर काही वर्षे तग धरते, त्यामुळे एकाच शेतात वर्षामागून वर्षे तूर घेतली तर मर वाढत जाते आणि ज्वारीसारखे पीक मध्ये आले तर ती घटते. बेवडाच्या नियमाला येथे दुसरा अर्थ प्राप्त होतो. पीक बदलणे ही नत्राची तजवीज होती, तशीच ती रोगाची नाकेबंदीही होती, आणि ज्या ज्वारीचा बेवड नत्राच्या दृष्टीने वाईट मानला जाई तीच ज्वारी तुरीच्या शेजारी मर रोखायला उपयोगी पडे. पारंपरिक पीकपद्धतीत असे परस्परविरोधी फायदे-तोटे एकत्र नांदवलेले असत. त्यांतले एकच कलम उचलून तिचे मोठेपण किंवा मागासलेपण ठरवणे अन्यायाचे होते.

भारतातील कारकीर्द पुसा येथेच सुरू केलेले अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरला आले. होळकर संस्थानातील त्या शहराच्या आसपासची माळव्याची काळी जमीन जातकुळीने मराठवाड्याच्या जमिनीचीच बहीण आहे. तेथे हॉवर्ड यांनी रसायनशास्त्रातील आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग ठरावीक वेळाने पालटून, जिवाणू व बुरशीकडून उत्तम खत तयार करवून घेण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ मध्ये त्या दोघांच्या नावाने तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी वाचकांत हॉवर्ड यांचे नाव निघते, वाडांचे क्वचितच. वास्तविक त्या पुस्तकावर दोघांची नावे बरोबरीने आहेत. त्या काळी अंबड तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. निजामाच्या शेतीखात्याने परभणीला १९१८ मध्ये प्रायोगिक क्षेत्र सुरू केले होते, परंतु शेतीचे उच्च शिक्षण हैदराबादलाच मिळे आणि मराठवाड्याच्या भूमीवर कृषी महाविद्यालय उभे राहायला १९५६ साल उजाडावे लागले. परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी, म्हणजे महाराष्ट्राच्या त्या भीषण दुष्काळातच स्थापन झाले.

वडीगोद्री परिसरापुरते बोलायचे तर जमिनीच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण त्यानंतर चारच वर्षांनी आले. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली होती आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा गोदावरीच्या उत्तरेकडील प्रदेशातून परभणीकडे जातो आणि वडीगोद्रीची शिवारे त्याच्या टापूत येतात. कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून स्थानिक नेते अंकुशराव टोपे यांच्या पुढाकाराने अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कोरडवाहू शेतकऱ्याला बारमाही पाणी आणि हमीचे गिऱ्हाईक मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. या बदलाने मराठवाड्याच्या या कोपऱ्यात शाळा, रस्ते आणि पक्की घरे आली, हे विसरून जमिनीच्या हानीची तक्रार करणे योग्य होणार नाही.

तरीही हानी झाली, आणि ती प्रथम मातीतील जिवाणूंच्या जगात झाली. ऊस लागण, मग खोडवा, मग पुन्हा लागण अशी साखळी सुरू झाली की त्या शेतात बेवड हा प्रश्नच उरत नाही. आडसाली उसाला महाराष्ट्रात हेक्टरी ४०० किलो आणि सुरू उसाला २५० किलो नत्राची शिफारस आहे. मातीत नत्र इतका सहज मिळू लागला की नत्र स्थिर करणारे जिवाणू आपले खर्चिक काम थांबवतात, कारण नत्रवायूचा एक रेणू फोडायला त्यांना ऊर्जेची मोठी किंमत मोजावी लागते. पाट भरून दिलेल्या पाण्याने भारी जमिनीतील हवा निघून जाते, उपयुक्त जिवाणूंपैकी बहुतेकांचा श्वास कोंडतो आणि हवा नसताना जगणारे दुसरे जिवाणू टाकलेल्या नत्रखताचा काही भाग पुन्हा वायुरूप करून उडवून लावतात. निचरा नसलेल्या ठिकाणी क्षार वर येऊन जमीन चोपण होते. तोडणीनंतर पाचट जाळण्याच्या सवयीने सेंद्रिय कर्बाची उरलीसुरली आवकही बंद केली. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजणाऱ्या आणि कुजलेल्या वनस्पती-प्राणिजन्य पदार्थांतील कर्ब, आणि जिवाणूंचा सारा संसार त्याच्यावरच चालतो.

याच उसाने जिवाणूशास्त्राला एक अनपेक्षित शोधही दिला. ब्राझीलमध्ये उसाला अनेक वर्षे अल्प नत्रखत देऊनही पीक टिकून राहते, याचा शोध घेताना योहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकारी व्लादिया काव्हलकांते यांना १९८८ मध्ये उसाच्या खोडामुळांच्या आत राहून नत्र स्थिर करणारा जिवाणू सापडला. तो प्रथम ॲसिटोबॅक्टर या नावाने ओळखला गेला आणि महाराष्ट्रात आजही त्याच नावाने विकला जातो. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राज्यातील अनेक साखर कारखाने यांच्यामार्फत तो ऊस उत्पादकांपर्यंत पोहोचला. बेण्याची टिपरी लागणीपूर्वी त्याच्या द्रावणात बुडवली जातात.

ऊस आला तसा या परिसराचा दुसरा लौकिक मोसंबीने वाढवला. अंबड तालुका हा जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या पट्ट्याचा गाभा असून ‘जालना मोसंबी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबीचे कलम बहुधा रंगपूर लिंबाच्या किंवा जंभेरीच्या खुंटावर बांधलेले असते आणि तिचा मुख्य शत्रू मुळांपाशी असतो. फायटोप्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे मूळकूज आणि डिंक्या हे रोग होतात. डिंक्यात खोडाची साल फुटून डिंक पाझरतो. या जीवाचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यामुळे झाडाच्या बुंध्याला पाणी लागू देऊ नये म्हणून दुहेरी आळे करण्याची शिफारस आहे: आतल्या आळ्यात खोड कोरडे राहते, पाणी बाहेरच्या आळ्यात दिले जाते. खोडाला बोर्डो पेस्ट लावण्याची रीतही सर्वत्र आहे, मात्र तिच्यातील तांबे बुरशीसोबत उपयुक्त जिवाणूंनाही मारक असल्याने ती खोडावरच राहायला हवी, आळ्यात ओतायची नसते. मोसंबीच्या बागेत दिसणारी दुसरी खूण म्हणजे कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहणे, जी चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याची असते.

लोहाच्या या उपासमारीतच रोगनियंत्रक जिवाणूंच्या कार्याचे एक मर्म दडलेले आहे. बेसॉल्टपासून झालेल्या मातीत लोह भरपूर असते, फक्त ते विम्ल परिस्थितीत विरघळत नाही. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या जातीचे जिवाणू सिडेरोफोर नावाची द्रव्ये सोडतात, जी लोहाचे कण घट्ट पकडून जिवाणूला परत आणून देतात. यांतले पायोव्हर्डिन हे पिवळे-हिरवे द्रव्य अतिनील प्रकाशात चमकते आणि त्यावरूनच या जिवाणूला त्याचे नाव मिळाले. मूळपरिसरातले दुर्मीळ लोह या जिवाणूंनी उचलले की फ्युजेरियमसारख्या बुरशीचे बीजाणू रुजायला ते उरत नाही. अमेरिकेतील जोसेफ क्लोपर आणि मिल्टन श्रॉथ यांनी १९७८ मध्ये अशा जिवाणूंना ‘वनस्पतीवाढीस चालना देणारे मूळपरिसरातील जिवाणू’ या अर्थाची संज्ञा दिली, आणि १९८० मध्ये क्लोपर व सहकाऱ्यांनी सिडेरोफोरमुळेच पिकाची वाढ सुधारते असे दाखवले. फ्रान्समध्ये शातोरनार परिसरातल्या मातीत फ्युजेरियम असूनही खरबुजाला मर लागत नाही, याचा अभ्यास त्याच सुमारास चालू होता. ती मातीही विम्लच आहे. विम्ल जमीन ही शेतकऱ्याला डोकेदुखी वाटते, परंतु तीच या जिवाणूंना बुरशीवर मात करायला अनुकूल रणभूमी ठरू शकते, हा या संशोधनाचा मराठवाड्यासाठी सर्वांत मोलाचा निष्कर्ष म्हणावा लागेल. अट एवढीच की जिवाणूंना खायला कर्ब हवा.

स्यूडोमोनासच्या बरोबरीने बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा उल्लेख करायला हवा. तो प्रतिजैविके बनवतो, आणि प्रतिकूल काळात जाड आवरणाचा बीजाणू करून स्वस्थ पडून राहतो, त्यामुळे मे महिन्यातल्या चाळीस अंशांहून अधिक तापमानात कोठारातल्या पाकिटात किंवा शेताच्या वरच्या थरात तो इतरांपेक्षा अधिक टिकतो. शिवाय अशा काही जिवाणूंच्या नुसत्या सहवासाने वनस्पतीची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जागी होते, हे १९९१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या वेगवेगळ्या प्रयोगांतून दिसले. ट्रायकोडर्मा हे नावही याच संदर्भात नेहमी घेतले जाते, पण तो जिवाणू नसून इतर बुरशींवर जगणारी बुरशी आहे.

मर रोगाला जिल्ह्यातच दुसरे उत्तर शोधले गेले. जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे रोगप्रतिकारक वाण दिले. त्यांतील बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ या वाणांच्या नावातील पहिले अक्षर बदनापूरचे असून उरलेली अक्षरे वांझ या तुरीच्या दुसऱ्या रोगाला असणारा प्रतिकार सांगतात, तर २०१२ मधील बीडीएन ७११ हा लवकर तयार होणारा वाण कमी पावसाच्या शिवारांत लोकप्रिय झाला. वाणातला प्रतिकार आणि मुळाशी असलेला जिवाणू ही परस्परांना पूरक साधने आहेत. वाण एका-दोन रोगांपुरता असतो; जिवाणूंचा आवाका रुंद, पण त्यांचे यश हवामानावर आणि मातीवर अवलंबून.

पाकिटातले जिवाणू खत या परिसरात आले ते या पार्श्वभूमीवर. भारतात त्याचे व्यापारी उत्पादन १९५६ पासून होत असले, तरी केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला तो १९८३ मध्ये, आणि महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील जैविक नत्र स्थिरीकरण योजना व कृषी विद्यापीठे यांनी रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेतकऱ्यांना पुरवायला सुरुवात केली. यांतील शेवटचा गट सेंद्रिय आम्ले सोडून चुन्याशी बांधलेला स्फुरद मोकळा करतो, म्हणून वडीगोद्रीसारख्या चुनखडीच्या मुलखात तो तत्त्वतः सर्वांत उपयोगी. मात्र तीच चुनखडी जिवाणूंचे आम्ल लगेच शोषून घेते, त्यामुळे प्रयोगशाळेतील काचेच्या तबकडीत दिसणारे यश शेतात तेवढे दिसत नाही. रायझोबियमचेही पिकानुसार वेगळेपण आहे. तुरीला गाठी आणणारे चवळी गटातले जिवाणू आपल्या जमिनीत मुळातच सर्वदूर आहेत, म्हणून तुरीवर विकतच्या संवर्धकाचा परिणाम काही शेतांत ठळक तर काही शेतांत जाणवण्याइतकाही नसतो. सोयाबीन हे बाहेरून आलेले पीक असल्याने त्याचा ब्रॅडीरायझोबियम जपॉनिकम हा जिवाणू येथल्या मातीत नव्हता, आणि ज्या शेतात सोयाबीन पहिल्यांदाच पेरले जाते तेथे बीजप्रक्रियेवाचून गाठी नीट येत नाहीत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठवाड्यात सोयाबीन पसरले, त्याबरोबर हा परका जिवाणूही येथला रहिवासी झाला.

जिवाणू खते मार्च २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आणि भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, तर द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा दंडक घातला गेला. रोगनियंत्रणासाठी विकले जाणारे स्यूडोमोनास किंवा बॅसिलस मात्र १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावे लागतात. एकच जिवाणू पीक वाढवतो म्हणून विकला तर खत आणि रोग अडवतो म्हणून विकला तर कीडनाशक ठरतो. निसर्गात ही दोन कामे वेगळी नाहीत, कायद्यात ती वेगळ्या कपाटांत आहेत. दुकानदाराच्या पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर पडलेल्या पाकिटात पेरणीच्या दिवशी किती जिवाणू जिवंत असतील, हा प्रश्न दोन्ही कायद्यांच्या पलीकडे उरतो. परभणीच्या विद्यापीठाने उपयुक्त बुरशी आणि जिवाणू एकत्र करून ‘बायोमिक्स’ हे मिश्रण दिले आणि हळद, आले, मोसंबी यांच्या उत्पादकांत त्याला मागणी आहे. थेट विद्यापीठातून ताजे मिळणे हे त्या मागणीचे एक कारण मानता येते.

विकतच्या पाकिटाला गावातून मिळालेले उत्तर म्हणजे जीवामृत. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या या द्रावणात २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांच्याबरोबर बांधावरची किंवा झाडाखालची मूठभर माती घातली जाते. ही मूठभर माती म्हणजे न नांगरलेल्या, रसायन न पडलेल्या जागेतले जिवाणूंचे विरजण होय. जीवामृताबद्दल केले जाणारे सारे दावे सिद्ध झालेले नाहीत आणि केवळ त्यावर उसासारखे खादाड पीक पोसता येईल असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु जिवाणू वाढवायचे तर त्यांना आधी खाऊ घालायला हवे, हे सूत्र त्यात अचूक पकडले आहे, आणि पाकिटावरच्या सूचनांत नेमके तेच गाळलेले असते.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, अनेक ठिकाणी झाडे तोडून सरपणाला गेली, आणि त्या रिकाम्या रानांत कापूस व सोयाबीन शिरले. जालन्याचे नाव बियाण्याच्या धंद्याशी १९६४ पासून, बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केली तेव्हापासून जोडलेले आहे, आणि २००२ मध्ये देशात मान्यता मिळालेली पहिली बीटी कपाशी याच शहरातल्या उद्योगातून पुढे आली. कपाशीचे पाकीटबंद बियाणे रसायनांचा लेप देऊनच येते, म्हणून त्याला पुन्हा जिवाणू चोळणे बहुधा निष्फळ ठरते. अंबड तालुक्यात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ घेण्याची रीत मात्र टिकून आहे आणि बीजप्रक्रियेला आज खरा वाव आहे तो याच ओळीत व रब्बीच्या हरभऱ्यात. तिचा क्रम ठरलेला आहे: बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर आणि जिवाणू सर्वांत शेवटी, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचे, बियाणे सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. थायरमसारखे बुरशीनाशक वापरले असेल तर रायझोबियमची मात्रा वाढवावी लागते, आणि ट्रायकोडर्मा वापरायचे ठरवले तर रासायनिक बुरशीनाशक टाळलेलेच बरे.